मिश्रण क्रमांक सात

करडू सिमेंटच्या टाकीला दूध मागत होतं.

देवराव खोब्रागड्यांची बकरी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभी होती. कास तटतटलेली, ओरडून ओरडून घसा बसलेला. आणि तिचं आठ दिवसांचं करडू तिच्याकडे पाठ करून टाकीच्या भिंतीला ढुशा देत होतं, मधूनच ओलं सिमेंट चाटत होतं, शेपटी हलवत होतं. देवरावांनी त्याला उचलून आईच्या कासेशी लावलं. त्यानं एकदा हुंगलं आणि पुन्हा टाकीकडे धाव घेतली.

"पाहा ना जी वहिनी, काय येड लागलं याले! माय इथं उभी हाय अन् हे भिताडाले पिऊन राह्यलं."

वरच्या गच्चीतून ललिताबाई जेनेकर हसल्या. "बाटलीनं पाजा भाऊ. लेकरं आजकालची अशीच."

पुढं ते हसू आठवलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा.

चंद्रपूर सोडून मूलच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला वनकर्मचाऱ्यांची ही कॉलनी. साठ घरं आणि चारशे सागवानं. सागवानं आधी लागली, घरं मागून आली. ती लावली मारोतराव जेनेकर नावाच्या वनपालानं, म्हणजे ललिताबाईंच्या नवऱ्यानं. पुढं प्लॉट मिळाला तेव्हा "मी माझ्याच झाडांच्या सावलीत घर बांधणार" म्हणून त्यानं हट्टानं इथंच घर बांधलं. या फेब्रुवारीत तो गेला. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात संपलं सगळं.

झाडांचा वैरी म्हणजे साग पतंग. बोटाच्या पेराएवढा, करड्या पंखांचा, दिसायला गरीब. पण जून-जुलैत कोवळी पानं फुटली की त्याच्या अळ्या अशा तुटून पडतात की आठ दिवसांत झाडाचा नुसता सांगाडा उरतो. गेल्या वर्षी चारशेच्या चारशे झाडं बोडकी झाली. अळ्या तंतूला लोंबकळत खिडक्यांतून आत आल्या, वाळत घातलेल्या कपड्यांत शिरल्या, कोणाच्या वरणात पडल्या. फवारणीला कोणी तयार होईना, कारण मागच्या फवारणीत मधमाश्या मेल्या होत्या आणि पोरं महिनाभर खोकली होती. झाडं तोडा म्हणावं तर मारोतराव तेव्हा जिवंत होता. त्याच्यासमोर हे बोलायची कोणाची टाप होती?

तेव्हा पुढं आला डॉ. हर्षल चिद्दरवार. कॉलनीतल्याच एका रेंजरचा मुलगा, लहानपणी ललिताबाईंच्या हातचे सांडगे चोरून खाल्लेला, आता कीटकांच्या वासांवर संशोधन करणारा. सोसायटीच्या बैठकीत त्यानं गंधपेटीची कल्पना मांडली ती अशी.

पतंगाचं लग्न वासावर जमतं. मादी पानावर बसून अंगातून एक गंध सोडते, त्याला आपले शेतकरी कामगंध म्हणतात. नर त्या गंधाचा माग धरून लांबून येतो. आता तोच गंध सगळ्या हवेत भरून टाकला तर? नराला प्रत्येक पानावर मादी आहे असं वाटतं. तो भिरभिरत राहतो, खरी मादी शेजारच्या फांदीवर बसलेली असते आणि ती त्याला सापडत नाही. अंडी नाहीत, मग अळ्याही नाहीत. ही युक्ती कापसाच्या बोंडअळीवर आधीच वापरून झाली होती. अडचण एवढीच की माद्या पिढ्यांमागून पिढ्या आपला गंध किंचित बदलत जातात आणि माणसानं बनवलेला जुना पडतो.

हर्षलची पेटी जुनी पडणारी नव्हती. ती शिकायची. तिच्यात वास ओळखणारा पातळ पडदा होता, झाडाझाडांवर बसवलेले, बारीक हालचाल टिपणारे कॅमेरे आणि गंध फेकणारे पंखे होते आणि यीस्टच्या चाळीस कुप्या होत्या. पाव फुगवतं तेच यीस्ट, फक्त जनुकं बदललेलं, प्रत्येक कुपीत एक वेगळा रेणू बनवणारं. अत्तरवाला थेंब थेंब मिसळून हवा तो वास जुळवतो तशी पेटी कुठलाही गंध जुळवू शकायची. नियम एकच दिला होता तिला: ज्या वासाकडे एखादा जीव पुन्हा पुन्हा वळतो तो वास शीक आणि चहूकडून सोड.

"जीव म्हणजे पतंगच ना रे?" बैठकीत ललिताबाईंनी विचारलं होतं.

"काकू, इथं दुसरं कोण वासावर जगतं?" हर्षल हसत म्हणाला होता.

या जूनच्या सुरुवातीला पेटी बसली ललिताबाईंच्या गच्चीवर. घर कॉलनीच्या मधोमध आणि सेक्रेटरीही त्याच. पहिले आठ दिवस पेटी काही सोडणार नव्हती, नुसती पाहणार होती, हुंगणार होती; पुढं गंध सोडता सोडताही शिकत राहणार होती. तेवढे दिवस गच्चीवर कोणी जाऊ नये असं हर्षलनं बजावलं होतं. ललिताबाईंनी जिन्याला कुलूपही लावलं. पण स्वतःचं रोजचं जाणं त्यात धरावं असं त्यांना वाटलंच नाही.

तेरवीला माणसाचे कपडे वाटून टाकतात. ललिताबाईंनी सगळे दिले, एक खाकी शर्ट ठेवला. न धुतलेला. जिन्याच्या वरच्या दारामागं खिळ्याला लावून. दिवेलागणीला त्या वर जायच्या, शर्ट काढून गच्चीवर बसायच्या आणि त्यात तोंड खुपसायच्या. घाम, तंबाखू-सुपारीचा खर्रा, पावसात भिजून वाळलेला चामडी पट्टा. मग शर्ट बाजूला ठेवायच्या, डोळे पुसायच्या, पुन्हा उचलायच्या. आता स्वतःच्या नवऱ्याचा शर्ट हुंगणं म्हणजे काय कोणी गच्चीवर जाणं झालं? खालच्या खोल्यांत सारखं कोणीतरी भेटायला यायचं, रडायला घरात दुसरी जागा नव्हती.

नवव्या दिवशी पेटीनं गंध सोडायला सुरुवात केली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तसं झालं, पतंग आले, भिरभिरले आणि मेले. पानाला भोक नाही. लोकांनी हर्षलला पेढे भरवले.

आणि गंध सुटला त्या पहिल्याच संध्याकाळी ललिताबाई तुळशीपाशी दिवा लावत असताना मारोतराव त्यांच्या मागं येऊन उभा राहिला.

त्या गर्रकन वळल्या. कोणी नव्हतं. पण वास होता. शर्टाला यायचा तसा विटका नाही, ताजा, जंगलातून नुकत्याच आलेल्या माणसाचा. त्या घरात गेल्या, वास घरातही. फाटकापाशी गेल्या, तिथंही. सागवानांच्या रांगेत शिरल्या तर झाडाझाडाआडून येत होता. आधी त्या घाबरल्या, दार लावून रामरक्षा म्हणत बसल्या. चौथ्या दिवशी भीती गेली. आठव्या दिवशी त्या चहा करताना त्याच्याशी बोलायला लागल्या. "साखर कमीच टाकते हो, डॉक्टरनं सांगितलंय," असं मोठ्यानं म्हणायच्या आणि स्वतःशीच लाजायच्या.

हे पेटीचं काम आहे हे त्यांना कळलं नसेल? आत कुठंतरी कळलं असावं. पण माणूस नको ती गोष्ट स्वतःला विचारत नाही. एवढं मात्र झालं की शर्टाची गरज उरली नाही. त्या विटक्या वासापेक्षा हा कितीतरी बरा होता. एक दिवस त्यांनी शर्ट स्वच्छ धुतला, इस्त्री केली आणि देवरावांच्या गड्याला देऊन टाकला.

जुलैत पल्लवी आली. एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. जावई हैदराबादला, बारशाला येणार. दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली, दोन किलोची, मुठीएवढ्या तोंडाची. दवाखान्यात ती छान पीत होती. घरी आणली, गच्चीखालच्या खोलीत बाज टाकली, तिथंही चार दिवस छान पीत होती. पाचव्या दिवशी तिनं आईकडून तोंड फिरवलं.

नुसतं फिरवलं असतं तर बाळ कंटाळलं म्हटलं असतं. ती खिडकीकडे वळली. तोंड उघडून, मान ताणून, जसं काही तिथं कोणी पदर सारून बसलंय. मग भिंतीकडे वळली. मग छताकडे. तिचे ओठ हवेत चुटुचुटु हलत होते. दूध कुठंच लागेना तसा तिनं टाहो फोडला. पल्लवीनं तिला पोटाशी धरलं तर ती अंग आखडून पुन्हा खिडकीकडे.

वाटी-चमच्यानं पाजलं तर अर्धं ओघळायचं. दवाखान्यात नेलं की तिथं घटाघटा पिऊन मोकळी. "बाळाला काही झालेलं नाही," बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "बाळंतीण घाबरलीय. पण वजन घटतंय, शनिवारपर्यंत वाढलं नाही तर भरती करू, नळीनं दूध द्यावं लागेल." घरी आणलं की पुन्हा तेच. शेजारच्या बायकांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. एकीनं तर पल्लवीच्या तोंडावर सांगितलं, "आईच्या दुधात कडूपणा असला की लेकरू असं करतं." पल्लवी भिंतीकडे तोंड करून रडत पडली.

"आई, माझंच बाळ मला नको म्हणतंय गं."

"येडी का खुळी तू? लेकरू कधी मायला नको म्हणते का?"

एकदाच ती प्यायची, धुरीच्या वेळी. बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणून ललिताबाई सकाळी शेगडी आणत, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकत, दारं-खिडक्या गच्च लावून घेत. खोली धुरानं भरली की बाळ दोनदा शिंकायचं आणि मुकाट आईला लुचायचं. खिडकी उघडली की पाचेक मिनिटांत मान वळलीच. सोमवारी सकाळी हे तिसऱ्यांदा पाहिलं आणि ललिताबाईंना एकदम देवरावांचं करडू आठवलं. त्यांनी लगेच हर्षलला फोन लावला.

मंगळवारी हर्षल गच्चीवर आला. पेटीतल्या नोंदी वाचता वाचता त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"काकू, पेटी अकरा मिश्रणं शिकलीय. पहिली सहा पतंगांची. नऊ नंबर शेजारच्या बकरीचं दिसतंय. आणि हे अकरा पाहा. लहान प्राणी, खालच्या खोलीत, दर दोन तासांनी एकाच वासाकडे वळतो."

"ते आमचं बाळ आहे, हर्षल."

त्यानं ती नोंद पुन्हा एकदा वाचली. "म्हणजे पल्लवीताईंचा वास सगळीकडून येतोय तिला. नवजात बाळाला दिसतं कमी, आई कळते ती वासावरूनच. तिच्या दृष्टीनं... इथं सगळी झाडं तिची आई आहेत."

सागाची मोठी पानं वाऱ्यानं हलत होती. ललिताबाईंना त्या पानांकडे पाहवेना.

"आणि सात काय आहे?" हर्षलनं विचारलं. "मोठा प्राणी, गच्चीवर, रोज दिवेलागणीला. आठ दिवसांत शहात्तर वेळा वळला. माकड होतं का?"

शहात्तर वेळा. त्यांनी मोजलं नव्हतं, त्या यंत्रानं मोजलं होतं. "असेल," त्या म्हणाल्या. मग पदर सावरत विचारलं, "तेवढं अकरा नंबरचं पुसता येणार नाही?"

"नाही ना. शिकलेलं सगळं एकात एक मुरलेलं असतं. कढीतून ताक वेगळं काढता येतं का? पुसायचं तर सगळंच. मग शिकणं बंद ठेवू, पतंगांचं पुढल्या वर्षी परत शिकवू, पतंग काय, येणारच. बाकी जे काही होतं ते समोर असेल तर तेही शिकेल." त्यानं मान वर केली. "पुसू या काकू. सेक्रेटरी म्हणून तुमचा अंगठा लागतो, एवढंच."

समोर असेल तर. शर्ट तर धुऊन देऊन टाकला होता. ललिताबाईंनी अंगठा पदरात गुंडाळला.

"दोन-चार दिवस थांबू," त्या म्हणाल्या. "पतंगांची दुसरी पिढी निघायची आहे म्हणालास ना? आता बंद केली तर झाडं जातील. यांनी पोटच्या पोरासारखी वाढवली आहेत."

"पण बाळ?"

"धुरीत पिते ती. मी धुरी वाढवते."

हर्षलनं हुज्जत घालायला हवी होती. घातली नाही. त्याची पेटी पहिल्यांदाच एक अख्खा हंगाम टिकून दाखवणार होती, त्यालाही थांबायचंच होतं. तो गुपचूप जिना उतरून गेला.

पल्लवीला गावातल्या मामाकडे पाठवलं असतं तरी भागलं असतं. पण सव्वा महिना बाळंतिणीनं माहेरचा उंबरा ओलांडू नये म्हणतात, असं ललिताबाईंनी स्वतःला सांगितलं. सोयीची असली की माणसाला रीत बरोबर आठवते. दवाखान्यात तीन वेळा उंबरा ओलांडून झाला होता, ते आठवलं नाही. खरं कारण वेगळं होतं. बाळ नीट प्यायला हवं आणि नवरा घरात राहायला हवा, दोन्ही हवं होतं त्यांना. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कोणापाशी?

बुधवारी चार वेळा धुरी झाली. गुरुवारी सहा वेळा. खोलीच्या भिंती काळवंडल्या, पल्लवीचे डोळे सुजून लाल झाले. "आई, पुरे ना गं, घुसमटून जाईन मी," ती म्हणायची आणि ललिताबाई आणखी ओवा टाकायच्या. बाळ प्यायचं, पण थोडं पिऊन खोकायचं, खोकून सगळं बाहेर टाकायचं. संध्याकाळी थकून त्या ओसरीवर आल्या की तो वास त्यांना लपेटून घ्यायचा. "चार दिवसांचा प्रश्न आहे हो," त्या त्याला सांगायच्या. तो काय बोलणार?

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास बाळ खोकता खोकता थांबलं. नुसतं थांबलं. ओठ जांभळे झाले, हात लोंबले. पल्लवी किंचाळली, बाजेवरून उठून तिनं खिडकी ढकलली आणि बाळाला उलटं धरून पाठीवर थोपटलं. एक, दोन, तीन. मग एक बारीक रडणं आलं. धूर निवळला, बाहेरची हवा आत आली, आणि त्या एवढ्याशा जिवानं मान वळवून खिडकीबाहेरच्या सागवानांकडे तोंड उघडलं. हवा चोखायला लागलं.

"ती कोणाला तरी शोधतेय, आई," पल्लवी म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता आणि तेच भयंकर होतं. "तिची आई बाहेर कुठंतरी आहे. मी नाहीये ती. मी तिला घेऊन बाहेर झाडांत जाऊन बसू का?"

ललिताबाई वळल्या आणि धावत जिना चढल्या. साठीला आलेली बाई, दोन-दोन पायऱ्या घेत. गच्चीवर तो होताच. इथं सर्वांत जास्त होता. घाम, खर्रा, चामडं. त्यांनी एकदाच खोल श्वास घेतला, छाती फुटेस्तोवर घेतला, आणि अंगठा टेकवला. सगळं शिकलेलं कायमचं पुसायचं का, पेटीनं विचारलं. हो. नक्की? "हाव म्हणते ना!" त्या ओरडल्या.

पंखे सुरूच होते, आता नुसती कोरी हवा सोडत होते. गेलेल्याचा वासही एकदम जात नाही. आधी चामडं गेलं. मग खर्रा. घाम शेवटपर्यंत रेंगाळला. ललिताबाई तळपत्या गच्चीवर बसून राहिल्या आणि तो गेला तेव्हा रडता आलं नव्हतं तसं मोकळं रडल्या. पाऊणएक तासानं नाकाला नुसती सागाच्या पानांची तुरट हवा लागायला लागली.

"आई! आई, ये ना लवकर!"

त्या खाली आल्या. खिडकी सताड उघडी होती आणि बाळ पीत होतं. डोळे मिटून, मुठी वळून, आईच्या अंगात शिरू पाहत. पल्लवी हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. "पाहा ना, कशी पितेय! काय केलंस गं तू वर?"

खोटं बोलता आलं असतं. पेटी बिघडली होती म्हणता आलं असतं. पण ललिताबाईंच्या अंगात तेवढाही जोर उरला नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं. शर्ट, शहात्तर वेळा, अकरा नंबर, सगळं. पल्लवी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत ऐकत होती.

"मलाही यायचा बाबांचा वास," ती म्हणाली. "आल्या दिवसापासून. वाटायचं, बाळंतपणात डोक्यावर परिणाम झालाय आपल्या. म्हणून बोलले नाही." मग तिनं विचारलं, "हे पेटीमुळं होतंय हे तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

पल्लवीचा हात थांबला. आज शुक्रवार होता. खोलीत धुराचा काळा थर होता, बाजेखाली ओव्याची रिकामी पुडकी पडली होती आणि बाळाच्या ओठांच्या कडा अजून निळसर होत्या.

"बाबांसाठी?"

"हो."

"बाबा असते ना," पल्लवी हळूच म्हणाली, बाळाची झोपमोड होऊ नये इतक्या हळू, "तर मंगळवारीच कुऱ्हाड घेऊन वर गेले असते. पेटीवर घातली असती. आणि त्यानं भागलं नसतं ना, तर चारशेच्या चारशे झाडांवर घातली असती."

ललिताबाईंना माहीत होतं की हे खरं आहे. इतके दिवस त्या ज्याच्याशी बोलत होत्या त्यानं त्यांना हे एकदाही सांगितलं नव्हतं.

त्या बाळाला घ्यायला पुढं झाल्या. पल्लवीनं बाळ सोडलं नाही. पदर ओढून तिनं ते झाकून घेतलं.

"तू जरा बाहेर बस, आई," ती म्हणाली. "दार लोटून घे."

ललिताबाई ओसरीवर येऊन बसल्या. आतून लेकीचं बाळाशी बोलणं ऐकू येत होतं. बोलावणं येईल म्हणून त्या दाराकडे पाहत राहिल्या, आणि दुपार कलली.